पत्रांना कान नसतात

मागचे दोन शनिवार कोरडे गेले, त्याबद्दल माफी. ऑफिसात रिलीज होता, आणि रिलीजच्या आठवड्यात माणूस माणसात राहत नाही हे तुम्हा मंडळींना मी काय सांगायचं! या वेळी मात्र जोडून सुटी मिळाली आणि पुण्याहून थेट सोनईला आलोय. हे लिहितोय ते घरच्या ओसरीवर बसून. मांडीवर लॅपटॉप, पाठीला आजीने शिवलेली सावरीच्या कापसाची उशी.

(सोनई माहीत नसणाऱ्यांसाठी: तालुका नेवासा, जिल्हा अहिल्यानगर, म्हणजे 2024 पर्यंतचा अहमदनगर. शनिशिंगणापूरला कधी गेला असाल तर आमच्या गावाच्या अगदी जवळून गेलात. मुळा धरणाचं पाणी, ऊस, साखर कारखाना आणि हंगामात रस्त्यावर ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या, असं गाव.)

तर विषय असा. हॉस्टेलमधला आमचा एक मित्र, मेकॅनिकलला होता म्हणून नाव पडलं मेक्या, सध्या अमेरिकेत असतो आणि गॅरेजमध्ये विमान बांधतो. चेष्टा नाही. तिकडे दोन सीटच्या विमानाचं किट विकत मिळतं. ॲल्युमिनियमचे पत्रे, रिव्हेट, सगळं खोक्यांतून येतं आणि हौशी लोक कित्येक वर्षं शनिवार-रविवार घालून ते जोडतात. मेक्याचं विमान आता आतून सजवायच्या पायरीवर आलंय. पुढच्या उन्हाळ्यात त्याचे आई-बाबा तिकडे जाणार आहेत. बाबांना शेजारच्या सीटवर बसवून फिरवायचं, हे त्याच्या डोक्यात पहिल्या रिव्हेटपासून आहे. पण बाबांना एका कानाने आधीच कमी ऐकू येतं. म्हणून त्याने मेल टाकली: "केबिनमधला आवाज कमी करायला आतून काय लावू? हार्डवेअरच्या दुकानात फोमच्या लाद्या मिळतात, स्टुडिओत असतात तशा. चालतील का? वजनाचं बजेट सहा किलो."

आता मी पडलो कॉम्प्युटरवाला. मला विमानातलं काय कळतंय? पण प्रश्न डोक्यात घुसला तो घुसलाच, आणि त्याला कारण आमचे आबा.

आबा म्हणजे माझे आजोबा. गावात त्यांची पिठाची गिरणी होती. सुरुवातीला डिझेल इंजिनवर चालायची, पुढे विजेची मोटर आली. पण जात्याच्या दगडांची घरघर आणि पट्ट्याची फडफड होती तशीच. तीस-बत्तीस वर्षं आबा त्या खोलीत उभे राहिले. आज त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. मी काहीही विचारलं तरी "हं हं" म्हणून हसतात. आजी म्हणते, "त्यांच्याशी बोलायचं म्हंजी अख्ख्या गल्लीला सांगायचं." मी दहावीत पहिला आलो ते त्यांना मी सांगितलेलंच नाही, मार्कलिस्ट दाखवली होती.

हा आवाज मोजायचा कोणी, कमी करायचा कोणी आणि कोणासाठी, हे प्रश्न तेव्हा आमच्या घरात कोणालाच पडले नव्हते. मेक्याच्या मेलमुळे मी विमानांच्या केबिनचा इतिहास वाचायला लागलो आणि तिथे नेमके हेच प्रश्न भेटले.

सुरुवात आपल्या मुंबईपासून करू. 15 ऑक्टोबर 1932. जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले, वाटेत अहमदाबादला थांबले आणि दुपारी जुहूला उतरले. टाटांच्या नियमित हवाई टपालाची ही सुरुवात. पुढे मद्रासपर्यंत विमान नेलं नेव्हिल व्हिन्सेंट यांनी. ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत वाचलेली असते. विमानाकडे मात्र कोणी बघत नाही. ते होतं डी हॅविलंड कंपनीचं पस मॉथ. एक इंजिन, 120 अश्वशक्ती, तीन जणांची जागा. सांगाडा पोलादी नळ्यांचा आणि त्यावर ताणून बसवलेलं, लुकण चढवलेलं कापड. या विमानाची मोठी शान म्हणजे त्याला बंद केबिन होती. त्याआधीच्या जिप्सी मॉथमध्ये डोकं उघड्यावर, वारा तोंडावर. 1930 मध्ये आगा खान पारितोषिकासाठी जे. आर. डी. त्या जिप्सी मॉथमधूनच उडाले होते. त्यामानाने पस मॉथ म्हणजे मोटारच.

पण बंद केबिन म्हणजे शांत केबिन नव्हे. पत्र्याच्या शेडमध्ये पावसाळ्यात बसलेल्या कोणालाही हे कळेल. पस मॉथला तर पत्राही नव्हता, कापड होतं. आवाज अडवायला भिंतीला थोडं तरी वजन लागतं, कापडाला ते कुठून असणार? शिवाय इंजिन नाकासमोर, पायांपासून हातभर अंतरावर.

आता गंमत बघा. पस मॉथचं रिकामं वजन पावणेसहाशे किलोच्या आसपास, आणि भरून उडायची मर्यादा सव्वानऊशेच्या आसपास. म्हणजे पायलट, पेट्रोल, टपाल, प्रवासी हे सगळं साडेतीनशे किलोत बसवायचं. पहिल्या दिवशीचं टपाल होतं सुमारे 25 किलो. कंपनीने पहिल्या वर्षभरात सुमारे दहा टन टपाल नेलं आणि प्रवासी नेले 155. वर्षाला दीडशे! माझ्या बिल्डिंगच्या लिफ्टमधून दिवसाला त्यापेक्षा जास्त माणसं जातात. धंदा टपालाचा होता, आणि टपालाला गोंगाटाचा त्रास होत नाही. पत्रांना कान नसतात. मग केबिनमध्ये कापूस भरून वजन वाढवायचं कोणासाठी? पायलटसाठी? पायलटने सहन करायचं असतं. आबांनी केलं तसं.

(1982 मध्ये, त्या उड्डाणाला 50 वर्षं झाली म्हणून, 78 वर्षांच्या जे. आर. डीं.नी कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा केला. या वेळी विमान होतं लेपर्ड मॉथ, पस मॉथचा धाकटा भाऊ. त्यांच्याच हाताखाली वाढलेल्या एअर इंडियाचे प्रवासी तोवर जंबो जेटमध्ये आरामात सिनेमा बघत होते, आणि म्हातारबाबा पुन्हा त्या फटफटीत जाऊन बसले. हौसेला मोल नाही, दुसरं काय!)

पुढे जायच्या आधी थोडा हिशोब करू, कारण त्याशिवाय हा इतिहास कळत नाही. घाबरू नका, बेरीज-गुणाकारच आहे.

भिंत आवाज किती अडवते हे मुख्यतः तिच्या वजनावर ठरतं. ढोबळ नियम असा, की भिंतीचं वजन दुप्पट केलं की आवाज साधारण 6 डेसिबलने कमी होतो. (10 डेसिबल कमी झाले की आपल्या कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो.) मेक्याच्या विमानाचा पत्रा 0.8 मिलिमीटर धरू. म्हणजे एका चौरस मीटरला 2.2 किलो. केबिनचा आतला पृष्ठभाग 10 चौरस मीटर धरला, तर पत्रा 22 किलोचा. आवाज 6 डेसिबलने उतरवायचा तर आणखी 22 किलो. 12 डेसिबलने उतरवायचा तर पत्रा चौपट, म्हणजे जास्तीचे 66 किलो. 66 किलो म्हणजे कोण? बाबा! बाबांच्या कानाला त्रास होऊ नये म्हणून एवढं वजन चढवायचं, की बाबांनाच खाली ठेवावं लागेल.

म्हणून विमानवाले पहिल्यापासून वजनाऐवजी हवा अडकवून ठेवणाऱ्या, पिंजलेल्या, हलक्या गोष्टींच्या मागे लागले. अशा तंतूंच्या जाळ्यात आवाजाची लाट शिरली की हवा तंतूंना घासते आणि लाटेतली ताकद थोडी थोडी उष्णतेत जिरते. एकच पत्रा जाड करण्यापेक्षा पत्रा, मग असा कापूस, मग आतून पातळ अस्तर, अशी दुहेरी भिंत कमी वजनात जास्त काम करते.

आणि इथे इतिहास माझ्या पाठीमागच्या उशीत येऊन पोचतो.

1920 च्या दशकात अमेरिकेत फोर्ड कंपनीची तीन इंजिनांची विमानं प्रवासी वाहायची. नालीदार पत्र्याचं शरीर, आतमध्ये प्रचंड दणदणाट. चढताना प्रवाशांच्या हातात च्युइंगगम आणि कानात घालायला कापूस द्यायचे. म्हणजे साउंडप्रूफिंग विमानाला करायच्या ऐवजी प्रवाशाला केलेलं! पण तिकडे हळूहळू प्रवाशाचं तिकीट हेच उत्पन्न होऊ लागलं आणि बधिर होऊन उतरलेला प्रवासी पुढच्या वेळी रेल्वेने जातो हे कंपन्यांच्या लक्षात आलं. 1933 मध्ये डग्लस कंपनीने डीसी-1 बनवलं, 1934 मध्ये डीसी-2. त्यांनी आवाजाचं काम दिलं स्पेरी कंपनीच्या स्टीफन झँड यांना. झँड यांनी आधी काहीही न लावता उपकरणं घेऊन आवाज मोजला, तो कुठून येतो ते शोधलं, आणि मग उपाय केले. कंपनं सांगाड्यात जाऊ नयेत म्हणून रबराचे आधार, फटी बंद, जाड गालिचे, आणि भिंतींच्या पोकळीत हलका तंतू.

त्या काळात विमानांच्या भिंतींत भरायला जे तंतू वापरले गेले त्यातला एक महत्त्वाचा होता कपोक. कपोक म्हणजे पांढऱ्या सावरीच्या बोंडातला कापूस. आपल्याकडे फाल्गुनात लालभडक फुलते ती काटेसावर, तिची ही सख्खी चुलत बहीण. आजीच्या उशीतला कापूस काटेसावरीचा आहे, पण जात तीच. या तंतूची खुबी अशी, की तो आतून पोकळ असतो, नळीसारखा, आणि वरून मेणचट. त्यामुळे हलका आणि पाण्याला दाद न देणारा. साध्या कापसाची उशी वर्षभरात दगड होते, सावरीची होत नाही, हे आजीला स्पेरी कंपनीने सांगावं लागलं नव्हतं.

आमच्या गावाचा आणखी एक माल या शर्यतीत होता. ऊस गाळल्यावर उरणारा चोथा, ज्याला कारखान्यावर बगॅस म्हणतात आणि बॉयलरमध्ये जाळतात. 1920 च्या दशकात अमेरिकेतल्या लुइझियानात त्याच चोथ्यापासून सेलोटेक्स नावाच्या पाट्या बनू लागल्या. भोकं पाडलेल्या पाट्या थिएटरांच्या आणि ऑफिसांच्या छतांना लागल्या, आवाज घुमू नये म्हणून. म्हणजे हॉलिवूडचे पहिले बोलपट लोकांनी उसाच्या चिपाडाखाली बसूनही ऐकले असणार! पण विमानासाठी हिशोब करून बघा. अशी पाटी घनमीटरला अडीचशे किलोच्या आसपास. अर्धा इंच जाडीने 10 चौरस मीटर झाकायचे तर 30 किलोच्या वर. कपोक घनमीटरला 16 किलो धरला, तर तब्बल 5 सेंटिमीटर जाडीचा थर फक्त 8 किलोत होतो. चिपाड थिएटरात राहिलं, सावर विमानात गेली.

पण इथे एक गोष्ट टोचते. ही सगळी मेहनत होती मागच्या केबिनसाठी, जिथे तिकीट काढलेला माणूस बसतो. पायलट पुढे, फिरणाऱ्या पंख्यांच्या अगदी जवळ. प्रवासी दोन-तीन तासांनी उतरून घरी जातो, पायलट आयुष्यभर तिथेच. आबांच्या गिरणीतही गिऱ्हाईक डबा ठेवून बाहेर कडुलिंबाखाली गप्पा मारायचं आणि आबा आत.

मग आलं दुसरं महायुद्ध. लढाऊ विमानात तिकीट कोणी काढत नाही, पण तिथला आवाज अचानक सरकारी प्रश्न झाला. हार्वर्ड विद्यापीठात लिओ बेरानेक या तरुण संशोधकाच्या हाताखाली त्यासाठी प्रयोगशाळा उघडली. शेजारच्या प्रयोगशाळेत एस. एस. स्टीव्हन्स यांनी काही तरुणांना 115 डेसिबलच्या गोंगाटात रोज तासन्‌तास बसवून त्यांच्याकडून कामं करून घेतली. निष्कर्ष काय निघाला? गोंगाटाने माणसाच्या हातातलं काम फारसं बिघडत नाही. बिघडतं ते बोलणं. हुकूम ऐकू जात नाही. मग भर दिला गेला तो हेडफोन, माइक आणि शब्द कळण्यावर. कान शाबूत राहावेत हा मुद्दा मागेच पडला. मला हे वाचून आबा आठवले. त्यांचंही काम कधी बिघडलं नाही. पीठ शेवटपर्यंत बारीक दळलं.

त्याच प्रयोगशाळेच्या आणि ओवेन्स-कॉर्निंग कंपनीच्या कामातून एक नवा माल पुढे आला: अतिशय बारीक काचतंतू. जाडी साधारण एक मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसापेक्षा पन्नास-साठ पट बारीक. तंतू जितका बारीक, तितके एका किलोत जास्त तंतू, तितकं हवेला घासायला जास्त अंग. घनमीटरला 6 ते 10 किलो. आपला 5 सेंटिमीटरचा थर आता साडेतीन-चार किलोत. आणि काच पेट घेत नाही. सावरीचा कापूस मात्र काडी लावली की भसकन पेटतो, होळीच्या दिवसांत आम्ही पोरांनी खात्री करून घेतलेली आहे.

सावर मागे पडायला आणखी एक कारण झालं. जगातला बहुतेक कपोक यायचा जावा बेटावरून, आणि 1942 मध्ये जावा जपानच्या ताब्यात गेलं. कपोक लाइफ जॅकेटांतही भरायचे, त्यामुळे अमेरिकेची पंचाईत झाली. मग तिथल्या शाळकरी पोरांना रानात पाठवून मिल्कवीड नावाच्या झुडपाची बोंडं गोळा करवली. दोन पोती बोंडं म्हणजे एक जीव वाचला, अशी घोषणाच होती. हे मिल्कवीड म्हणजे आपल्या रुईच्या कुळातलं. शिंगणापूरला ज्या रुईच्या पानांच्या माळा विकतात, आणि जिच्या बोंडातून उडालेल्या 'म्हाताऱ्या' धरायला आपण लहानपणी पळायचो, ती रुई.

यानंतर काचतंतूंच्या गाद्या सगळीकडे गेल्या. आजही मोठ्या जेटमध्ये पत्र्याच्या मागे त्याच असतात. काचतंतू सुटा ठेवला तर दमट होतो, वजन वाढतं, मागचा पत्रा गंजतो. म्हणून त्यावर पातळ फिल्मचं कव्हर चढवतात, आणि गोष्ट इथेच फिरली.

2 सप्टेंबर 1998. स्विसएअरचं फ्लाइट 111 न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालं. कॉकपिटच्या वरच्या पोकळीत वायरिंगमध्ये ठिणगी पडली आणि गाद्यांवरच्या धातूचा मुलामा दिलेल्या पॉलिएस्टर फिल्मने पेट घेतला. आतली काच जळली नाही. जळत गेलं ते वरचं कागदासारखं कव्हर. विमान कॅनडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं. 229 माणसं गेली.

आता आपल्या धंद्यातल्या लोकांनी हे नीट वाचा. ते कव्हर नियमाप्रमाणे तपासलेलं होतं. उभ्या टांगलेल्या तुकड्याला बर्नरची ज्योत लावायची आणि तो आपोआप विझतो का ते बघायचं, अशी ती चाचणी होती. फिल्म ज्योतीपासून आक्रसून दूर जायची, विझायची आणि पास व्हायची. प्रत्यक्षात गादी आडवी, बंद पोकळीत, आजूबाजूला उष्णता. तिथे ती पेटत पुढे गेली. सगळ्या टेस्ट केस हिरव्या होत्या, टेस्टच चुकीची होती. नंतर तसली कव्हरं काढायचे आदेश निघाले आणि 2003 मध्ये अमेरिकेने जास्त कडक चाचणी आणली. आपल्याकडे असा बग सापडला की पॅच टाकतो आणि पिझ्झा मागवतो. असो.

मेक्याच्या फोमच्या लाद्यांचं उत्तर मला इथे मिळालं. दुकानातल्या त्या लाद्या बहुतेक पॉलियुरेथेनच्या असतात. पेटल्या तर त्यांच्या धुरात सायनाइड असतं. आणि त्याला त्या लावायच्या होत्या फायरवॉलच्या आतल्या बाजूला, म्हणजे इंजिन आणि पाय यांच्यामधल्या पत्र्यावर. इंजिनला आग लागली तर तो पत्रा लाल होतो. पत्रा टिकेल, पण त्याला आतून चिकटवलेला फोम पेटेल. म्हणजे आगीला घरात यायला आपणच पाट मांडून ठेवायचा. तिथे काही चिकटवायचं नाही, विषय संपला.

शिवाय त्या लाद्यांचा उपयोगही नाही. पुन्हा थोडा हिशोब. मेक्याचं इंजिन चार सिलिंडरचं, मिनिटाला 2400 फेरे, पंखा दोन पात्यांचा, थेट इंजिनला जोडलेला. सेकंदाला 40 फेरे, दर फेऱ्याला दोन स्फोट आणि दोन पात्यांचे दोन फटके. दोन्ही मिळून 80 हर्ट्झवर ठोकतात. हा खर्जातला घुमारा हीच छोट्या विमानाची खरी डोकेदुखी. (जे. आर. डीं.च्या पस मॉथचंही हेच: चार सिलिंडर, दोन पाती, 2000 फेरे धरले तर 67 हर्ट्झ. ऐंशी-नव्वद वर्षांत फारसा फरक नाही.) 80 हर्ट्झच्या आवाजाच्या लाटेची लांबी होते सव्वाचार मीटर. तिला मुरवायला एक मीटरभर जाडीचा कापूस हवा. दोन इंचाचा फोम तिच्यापुढे म्हणजे महापुरापुढे बांबूची ताटी. फोम फक्त वरचा चिरका आवाज खातो.

मग खर्ज कोण खाणार? यासाठी शेवटची एक गोष्ट.

1978 मध्ये अमर बोस (हो, तेच स्पीकरवाले, वडील बंगालचे) झुरिकहून बोस्टनला विमानाने जात होते. विमानातल्या हेडफोनवर गाणं लावलं तर इंजिनाच्या घरघरीत काही कळेना. तिथेच बसून त्यांनी कागदावर आकडेमोड सुरू केली: कानाजवळ माइक ठेवायचा, येणारा आवाज पकडायचा आणि त्याच्या बरोबर उलटा आवाज कानात सोडायचा. लाटेचा चढ आणि उतार एकमेकांना मारतात. ही युक्ती चालते ती नेमकी खर्जातल्या, लांब लाटांवर, जिथे कापूस हरतो.

त्याचा मोठा कस लागला डिसेंबर 1986 मध्ये. व्हॉयेजर नावाच्या विमानातून डिक रुटन आणि जीना येगर न थांबता, वाटेत इंधन न भरता जगाला प्रदक्षिणा घालून आले. नऊ दिवस. विमानाचं रिकामं वजन सुमारे एक टन आणि आत इंधन तीन टनांहून जास्त. अशा विमानात कापूस भरायला ग्रॅमभरही जागा नव्हती. त्यांच्या कानांवर होते बोसने तयार केलेले प्रायोगिक हेडसेट. 1989 मध्ये तसा हेडसेट पायलटांसाठी बाजारात आला. आज तुम्ही बसमध्ये कानात घालता ते नॉइज कॅन्सलिंग त्याच घराण्यातलं.

मला या सगळ्यात काय दिसलं सांगू? साठ वर्षं लोक भिंती शांत करत होते, कारण भिंतीच्या आत गिऱ्हाईक बसतं. वजन इतकं तुटपुंजं झालं की भिंत परवडेना, तेव्हा कुठे सरळ काम करणाऱ्याच्या कानाकडे लक्ष गेलं. आणि उत्तर निघालं अर्ध्या किलोचं.

मेक्याला काल रात्री उत्तर पाठवलं. थोडक्यात असं:

पहिलं, काही लावायच्या आधी मोज. झँड यांनी तेच केलं. मग फटी बुजव. दरवाजाची कड, वायरी जातात ती भोकं. भिंतीच्या फक्त एक टक्का क्षेत्राची फट असेल तरी कितीही भारी भिंत 20 डेसिबलच्या पुढे जाऊ शकत नाही. हे काम जवळजवळ बिनवजनाचं. (फायरवॉलच्या भोकांना आग सोसणारंच सीलंट, साधं सिलिकॉन नाही.)

दुसरं, जे पत्रे ढोलासारखे वाजतात त्यांच्या फक्त मधोमध कंपन मारणाऱ्या चिकटपट्ट्या लाव, सगळीकडे नको. दीड-दोन किलो.

तिसरं, बाजूच्या भिंतीत विमानासाठी बनवलेली काचतंतूची बारीक गादी किंवा मेलामाइन फोम. (भिंतीवरचे डाग पुसायला जो पांढरा मॅजिक स्पंज मिळतो, तो मेलामाइनचाच. घनमीटरला 9-10 किलो, आणि तो वितळून टपकत नाही.) तीन किलोच्या आत. जे काही घेशील, गोंदासकट आणि कव्हरासकट, त्याचा तुकडा आधी अंगणात जाळून बघ. दुकानदाराच्या लेबलवर जाऊ नकोस.

चौथं, उरलेल्या एक किलोत दोन चांगले हेडसेट. एक बाबांना, एक तुला. आधी तुझा घे. बाबा एक तास उडतील. तू पुढची तीस वर्षं उडणार आहेस.

त्याचं उत्तर आलं, "फोम परत केला. थँक्स. तू कधी येतोस?"

आज सकाळी एक प्रयोग केला. माझा नॉइज कॅन्सलिंग हेडफोन आबांच्या कानावर घातला, कॅन्सलिंग बंद करून, आणि फोनच्या माइकवरून, आवाज वाढवून बोललो. हळूच बोललो. म्हटलं, "आबा, चहा घेणार का?" त्यांनी इकडेतिकडे बघितलं. मग म्हणाले, "घेतो की. ओरडतो कशाला?"

सोमवारी रजा वाढवतोय. आबांना नगरला कानाच्या डॉक्टरांकडे नेऊन आणतो. हे दहा वर्षांपूर्वीच करायला हवं होतं, पण तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटायचं, गिरणीवाला म्हटल्यावर ऐकू कमी येणारच.

चला, आजी जेवायला बोलावतेय. भेटू पुढच्या शनिवारी.